मुद्देमालाची नोंदवही आणि कर्नेलमधला ड्रायव्हर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत क्लाउडवरची माहिती प्रोसेसरच्या आतल्या बंद कप्प्यात ठेवण्याच्या तंत्राविषयी लेख आला होता. एन्क्लेव्हसारख्या, म्हणजे या बंद कप्प्यासारख्या, विषयाला मराठी वर्तमानपत्राने पाऊण पान द्यावं, याचा मला मनापासून आनंद झाला. कात्रण काढून ठेवलं आहे. मात्र त्यातलं एक विधान चार दिवस मनात टोचत राहिलं. कुलूप प्रोसेसरमध्येच असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीमवर भरवसा ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही, असा त्याचा आशय होता. गुपित राखण्यापुरतं हे बरोबर आहे. पण कप्पा उभा करणं, त्यात सामान भरणं, जागा कमी पडली की त्यातलं काही बाहेर काढून ठेवणं आणि मागितल्यावर जसंच्या तसं परत आणणं, हा सगळा भार त्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर, म्हणजे तिच्या गाभ्यातल्या (कर्नेलमधल्या) हार्डवेअर हाताळणाऱ्या एका प्रोग्रॅमवर, ड्रायव्हरवर, असतो. त्या ड्रायव्हरविषयी लेखात एक शब्दही नव्हता, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, याची मला कल्पना आहे. आपण जागा द्यावी ही विनंती.

मी पुण्यात गेली २६ वर्षं सिस्टीम सॉफ्टवेअरमध्ये आहे. आधी स्टोरेज, मग फाइल सिस्टीम, आणि अलीकडची काही वर्षं इंटेलच्या एसजीएक्सवर, म्हणजे याच बंद कप्प्यांच्या तंत्रावर, चालणाऱ्या प्रणालींच्या चाचण्या. पण या कामाचं मर्म मला संगणक पाहण्याच्या कितीतरी आधी घरात कळलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सातारा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकून होते. जप्त केलेली वस्तू पंचांसमक्ष कापडात बांधायची, गाठीवर लाखेचं सील, लेबलावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि पंचांच्या सह्या, आणि मग ते पाकीट आप्पांच्या ताब्यात. आत काय आहे ते उघडून पाहण्याचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांची जबाबदारी वेगळी होती. पाकीट कुठल्या फळीवर आहे, तपासणीला कधी गेलं, कधी परत आलं, आणि तारखेच्या दिवशी सील अभंग असताना कोर्टात हजर झालं का, हे सगळं त्यांच्या नोंदवहीवर चालायचं. पाकीट फळीवर आहे पण वहीत नोंद नाही, तर कोर्टापुढे त्या पाकिटाला काडीची किंमत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधला एसजीएक्सचा ड्रायव्हर नेमकं हेच करतो.

इंटेलने हे तंत्र २०१५ मध्ये स्कायलेक प्रोसेसरांपासून बाजारात आणलं. संगणक सुरू होताना बायोस हा आरंभीचा प्रोग्रॅम मेमरीचा एक तुकडा प्रोसेसरसाठी राखून ठेवतो. त्यात कप्प्यांची पानं राहतात. आम्ही पेज म्हणतो, या पत्रात मी पानच म्हणते; एक पान म्हणजे ४०९६ बाइट्स. या राखीव जागेला ईपीसी म्हणतात. प्रोसेसरमधून तिथे जाणारा प्रत्येक बाइट प्रोसेसर एन्क्रिप्ट करतो, म्हणजे सांकेतिक रूपात बदलतो. कर्नेलने स्वतः जाऊन ते पान वाचायचा प्रयत्न केला, तर त्याला खरा मजकूर मिळत नाही, सगळे बिट १ च दिसतात, म्हणजे नुसतं एफएफ एफएफ एफएफ. लिहायचा प्रयत्न केला तर ते लिहिणं वाऱ्यावर जातं. इतपत आपल्या लेखात आलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

आता दुसरी बाजू. कप्पा तयार करणं, त्यात पान घालणं, पान काढणं या सूचना प्रोसेसर फक्त कर्नेलकडूनच घेतो, साध्या प्रोग्रॅमकडून नाही. म्हणजे ज्याला आत डोकवायला मनाई, त्याच्याच हातून सगळी उचलठेव. यावर विश्वास कसा बसावा? त्यासाठी प्रोसेसर आपली स्वतःची एक नोंदवही ठेवतो. ईपीसीतलं प्रत्येक पान कुठल्या कप्प्याचं, कुठल्या पत्त्यावरचं, त्यावर वाचण्याची, लिहिण्याची की चालवण्याची परवानगी आहे, हे त्यात असतं. कर्नेलने पत्त्यांच्या तक्त्यात खोटं लिहिलं तर प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो. कप्पा भरताना प्रत्येक पानाचं २५६-२५६ बाइट्सच्या १६ तुकड्यांत मोजमाप होतं आणि शेवटी त्या सगळ्याचा एक ठसा तयार होतो. एक पान इकडचं तिकडे झालं तरी ठसा जुळत नाही आणि कप्पा उघडतच नाही. म्हणजे वह्या दोन आहेत, एक प्रोसेसरची आणि एक कर्नेलची. ड्रायव्हर लिहिणाऱ्याची सगळी परीक्षा या दोन वह्या क्षणभरही एकमेकींपासून फारकत घेणार नाहीत, यात असते.

सुरुवातीच्या यंत्रांत ही राखीव जागा फार तर १२८ एमबी असायची, आणि प्रोसेसरचं स्वतःचं हिशेबाचं सामान वजा जाता सुमारे ९३ एमबी हाताशी उरायची. म्हणजे जेमतेम २४ हजार पानं, आणि तीही संपूर्ण यंत्रावरच्या सगळ्या कप्प्यांना मिळून. साधा डेटाबेस उघडला तरी एवढी जागा पुरत नाही. म्हणून काही पानं बाहेर, साध्या मेमरीत नेऊन ठेवावी लागतात आणि लागतील तेव्हा परत आणावी लागतात. महाविद्यालयात आपण हे स्वॅपिंग म्हणून शिकलेलो असतो. पण इथे कर्नेलची नेहमीची यंत्रणा चालत नाही. ती पान उचलते ती मजकूर कॉपी करून, आणि इथे कॉपी केली तर हाती एफएफच येणार. म्हणून ड्रायव्हरने आपली वेगळी, छोटी यंत्रणा उभी केली. मोकळ्या पानांची स्वतःची यादी, वापरातल्या पानांची स्वतःची यादी, आणि मागे राहून सफाई करणारा केएसजीएक्सडी नावाचा स्वतःचा एक थ्रेड. मोकळी पानं ३२ च्या खाली गेली की तो जागा होतो, आणि ६४ मोकळी होईपर्यंत एका वेळी १६ पानं तपासत राहतो. एवढ्या साध्या आकड्यांवर ही यंत्रणा चालते. कर्नेलच्या मोठ्या यंत्रणेत खिडकी पाडून हे घुसवण्यापेक्षा वेगळं घर बांधलं, हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. चूक झाली तर ती या चार भिंतींत राहते.

आता एक पान बाहेर कसं जातं ते जवळून पाहा, कारण सगळा कस इथे लागतो.

यादीच्या डोक्यावरची १६ पानं घ्यायची. प्रत्येकाला विचारायचं, तुला अलीकडे कुणी हात लावला होता का? लावला असेल तर त्याला यादीच्या शेपटीला पाठवायचं. उरलेल्यांवर ‘बाहेर निघालं आहे’ अशी खूण करायची. त्या पानाकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा, जितक्या प्रोसेसमध्ये तो कप्पा दिसतो तितक्या ठिकाणच्या, बंद करायच्या, आणि प्रोसेसरला सांगायचं की या पानासाठी नवी वाट आता देऊ नकोस. पण एवढ्याने भागत नाही. दुसऱ्या एखाद्या कोरवर, म्हणजे प्रोसेसरच्याच दुसऱ्या गणक-भागावर, तोच कप्पा चालू असेल, तर त्या कोरच्या खिशात जुन्या पत्त्याची चिठ्ठी अजून असते, टीएलबीत, म्हणजे अलीकडचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या छोट्या साठ्यात. ती चिठ्ठी असेपर्यंत प्रोसेसर पान बाहेर जाऊ देत नाही. इथला क्रम मला फार आवडतो. ड्रायव्हर आधी सरळ पान बाहेर काढण्याची सूचना देऊन बघतो. प्रोसेसर नाही म्हणाला, तर जुन्या चिठ्ठ्यांचा माग ठेवायला सांगून पुन्हा प्रयत्न. तरीही नाही म्हणाला, तरच त्या कप्प्यात असलेल्या कोरना इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवण्याचा इशारा, पाठवून क्षणभर बाहेर बोलावलं जातं आणि तिसरा प्रयत्न होतो. इंटरप्ट महाग असतो, चालत्या कामाला खीळ घालतो, म्हणून तो शेवटी. बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. घाई नाही, धसमुसळेपणा नाही.

मग पान बाहेर जातं तेव्हा काय होतं? मजकूर एन्क्रिप्ट होऊन साध्या मेमरीत पडतो. त्याच्यासोबत १२८ बाइट्सची एक पावती पडते, तिला पीसीएमडी म्हणतात. पान कुणाचं, कुठलं, आणि सील अभंग आहे हे सिद्ध करणारी सही त्यात असते. आणि तिसरी गोष्ट, ८ बाइट्सचा एक आवृत्ती क्रमांक, तो मात्र ईपीसीच्या आतच एका खास पानावर राहतो. त्या पानात असे ५१२ खण असतात. हा क्रमांक आत कशासाठी? समजा, कर्नेल बेइमान आहे आणि त्याने कालचं, सील शाबूत असलेलं, अगदी अस्सल पाकीट आज परत दिलं. खात्यातली शिल्लक कालची झाली. सहीवरून हे पकडता येत नाही, कारण सही खरीच आहे. आतला क्रमांक जुळत नाही म्हणून ते पकडलं जातं. पान एकदा परत आलं की तो खण रिकामा केला जातो, त्यामुळे जुनी प्रत पुन्हा कधीच आत येऊ शकत नाही.

या तीन गोष्टींतली एक जरी हरवली, तरी ते पान कायमचं गेलं. ते कुणालाच उघडता येणार नाही, ना मालकाला, ना चोराला.

आणि अशी एक पावती खरोखर हरवत होती. बाहेर गेलेलं पान परत आत आलं, तरी त्याची बाहेरची जागा आणि पावतीची जागा कर्नेल सोडतच नव्हतं. मेमरी उगाच अडकून राहायची. ती मोकळी करण्यासाठी एक सुधारणा आली. एका साध्या पानावर ३२ पावत्या मावतात. शेवटची पावती वापरून झाली आणि पान कोरं दिसलं की ते टाकून द्यायचं, अशी ती सुधारणा. दिसायला निर्दोष. पण २०२२ मध्ये इंटेलच्याच अभियंत्यांच्या लक्षात आलं की खूप ताण दिला की पान परत आणण्याची सूचना मधूनच फसते. आमच्याही चाचणीत त्याच सुमारास ते दिसलं होतं. ईपीसीपेक्षा मोठा कप्पा मुद्दाम उभा करून आम्ही रात्रभर पानांची आतबाहेर चालू ठेवली होती, आणि सकाळी लॉगमध्ये कर्नेलचा इशारा होता, ईएलडीयू, म्हणजे पान परत आणण्याची सूचना, फसल्याचा. मी दोन दिवस मेमरीचे चिप बदलून पाहत होते. दोष यंत्रात नव्हताच.

झालं होतं ते असं. दोन पानं, त्यांच्या पावत्या एकाच कागदावर, म्हणजे ३२ पावत्यांच्या त्या साध्या पानावर. पहिलं पान बाहेर निघालं आहे, त्याची पावती लिहायला सफाईवाल्या थ्रेडने कागद हातात घेतला आहे, पण अजून अक्षर उमटलेलं नाही. त्याच क्षणी दुसऱ्या कोरवर दुसऱ्या पानाची मागणी आली. ते आत आलं, त्याची पावती पुसली गेली, आणि आता कागद पूर्ण कोरा दिसला. म्हणून तो टाकून दिला गेला. सफाईवाल्याने त्या टाकलेल्या कागदावर इमानेइतबारे पावती लिहिली. पुढच्या वेळी पहिलं पान मागितलं, तेव्हा कर्नेलने पावतीसाठी हात घातला तर नवा कोरा कागद हाती आला. सील अभंग, क्रमांक आत शाबूत, आणि पावती नाही.

यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, मी वाचला तेव्हा मला आप्पांची वही आठवली. पाकिटाला हात लावण्याआधी ते समासात पेन्सिलीने एक बारीक रेघ मारायचे. पाकीट फळीवरून निघून नव्या जागी पोचलं, शाईने नोंद झाली, की रबराने रेघ खोडायची. एकदा पावसाळ्यात छत गळायला लागलं म्हणून पाकिटं दुसऱ्या खोलीत हलवत होते, आणि नव्याने आलेल्या मदतनिसाने वहीतलं एक पान कोरं आहे असं समजून ते काढायला घेतलं. आप्पा त्याच्यावर ओरडले नाहीत. त्याला समास दाखवला आणि म्हणाले, ‘‘पान कोरं दिसलं तरी आधी इथं बघायचं. रेघ असली तर कुणाचंतरी पाकीट हातात हाय.’’ कर्नेलमधली दुरुस्ती शब्दशः हीच होती. कागद टाकण्याआधी त्यावर पावत्या असू शकणाऱ्या सगळ्या पानांकडे बघायचं, आणि त्यांपैकी एकावर जरी ‘बाहेर निघालं आहे’ अशी खूण असेल, तर कागदाला हात लावायचा नाही. खूण आधीपासून होतीच. ती बघायची राहून गेली होती.

त्याच सुमाराच्या दुरुस्त्यांत आणखी एक गोष्ट होती, तीही सांगते, कारण क्लाउडवर जागा भाड्याने घेणाऱ्यांना ती थेट लागू होते. बाहेर ठेवलेल्या पानांसाठी जी साधी मेमरी लागते, तिचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा? सफाई केएसजीएक्सडी करतो, म्हणून तो खर्च त्याच्या नावावर पडत होता, म्हणजे खरं तर कुणाच्याच नाही. कंटेनरला, म्हणजे एकाच यंत्रावर वेगळ्या बांधलेल्या प्रोग्रॅमला, घातलेली मेमरीची मर्यादा त्यामुळे हुकत होती. दुरुस्तीनंतर खर्च ज्याचा कप्पा त्याच्या खात्यावर पडू लागला. मात्र खुद्द ईपीसी कुणी किती वापरावी, याला २०२१ मध्ये ड्रायव्हर आला तेव्हा काहीच आडकाठी नव्हती. एका भाडेकरूने सगळी ईपीसी बळकावली, तर शेजारी नुसता आत-बाहेर करत बसतो. व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे यंत्रातल्या आभासी यंत्राची, गोष्ट याहून वेगळी. तिला दिलेली ईपीसीची पानं कर्नेल परत काढून घेत नाही, दिली ती दिली. म्हणून ‘आमच्याकडे एन्क्लेव्ह आहे’ एवढ्या उत्तरावर कुणी समाधान मानू नये. किती पानं माझ्या हक्काची आणि किती वाटून घ्यायची, हे आधी विचारावं.

आपल्या लेखात हे तंत्र एका कंपनीने बनवलं आणि जगाने वापरलं, असं चित्र होतं. लिनक्समध्ये ते कसं आलं, हे वाचकांना कळायला हवं. यार्क्को साक्किनेन यांनी पहिला प्रस्ताव २०१६ मध्ये मांडला. तो स्वीकारला गेला तेव्हा त्याची ४१ वी आवृत्ती होती, आणि १४ फेब्रुवारी २०२१ ला आलेल्या ५.११ कर्नेलमध्ये तो आला. जवळजवळ पाच वर्षं. या काळात नुसते स्वल्पविराम बदलत नव्हते. सर्वांत मोठा वाद कुठला कप्पा चालू द्यायचा हे ठरवणार कोण, याचा होता. मूळ रचनेत हे ठरवण्याची किल्ली इंटेलकडे होती. कर्नेलवाल्यांनी ठाम सांगितलं की यंत्र ज्याचं, निर्णय त्याचा. ज्या प्रोसेसरमध्ये ती किल्ली यंत्राच्या मालकाला बदलता येते, त्यांच्यावरच हा ड्रायव्हर आजही चालतो. दुसरा वाद कप्प्यातल्या पानावर प्रोग्रॅम चालवण्याच्या परवानगीचा. बंद कप्पा आहे म्हणून त्यात काहीही कोड घुसवून चालवता येऊ नये. त्यासाठी नियम झाला की पान ज्या फाइलमधून आलं, तिथे चालवण्याची मनाई असेल तर कप्प्यातही मनाई, आणि पान घालताना जी परवानगी सांगितली तिच्यापलीकडे नंतर जाता येणार नाही. हे सगळं जाहीर चर्चेत झालं, शब्द न् शब्द आजही वाचायला मिळतो. मी तो पत्रव्यवहार वाचत शिकले.

मग यंत्रं बदलली. २०२१ मध्ये सर्व्हरसाठी आलेल्या आइस लेक प्रोसेसरांत एका सॉकेटला, म्हणजे एका प्रोसेसर चिपला, ५१२ जीबीपर्यंत ईपीसी मिळू लागली. २४ हजार पानांसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरसमोर १३ कोटी ४२ लाख पानं उभी राहिली. मोठा कप्पा बंद करताना एकेक पान मोकळं करण्यात कर्नेल इतका वेळ अडकायचं, की ते गोठलं आहे अशी धोक्याची सूचना यायची. मधे मधे थांबून इतरांना वाट देण्याची दुरुस्ती करावी लागली. दोन सॉकेटच्या यंत्रात जवळच्या सॉकेटचं पान आधी द्यायचं, हेही नंतर आलं. २०२२ च्या ६.० कर्नेलपासून चालू कप्प्यात पानं वाढवता आणि परवानग्या बदलता येऊ लागल्या. तिथेही तोच शिरस्ता: कर्नेल बदल सुचवतं, आणि कप्पा आतून ‘मान्य’ म्हणाला तरच तो लागू होतो. मला ही देवघेव फार सुंदर वाटते.

आता भरवशाविषयी एक कडू गोष्ट. २०१५ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं होतं की कर्नेल मनात आणेल तर पानांच्या मागण्यांवरूनच गुपित ताडू शकतं. कप्प्यातली पानं मुद्दाम अडवायची, आणि कुठल्या क्रमाने कुठलं पान मागितलं जातं ते टिपायचं. प्रोसेसर पत्त्याचे शेवटचे १२ बिट झाकतो, त्यामुळे पानातलं नेमकं ठिकाण कळत नाही, पण पान कळतं. एवढ्यावरून त्यांनी दस्तऐवजातला मजकूर आणि चित्रांचे आकार ओळखून दाखवले. पाकीट न उघडता, ते किती वेळा आणि कधी मागवलं गेलं यावरून खटला ओळखण्यासारखं आहे हे. म्हणून मी म्हणते की भरवशाचा प्रश्न उरतो. कप्प्यात चालणारं सॉफ्टवेअरही पानांच्या क्रमातून काही बोलून जाणार नाही, अशा रीतीने लिहावं लागतं. २०१८ च्या फोरशॅडोसारखे हल्ले प्रोसेसरच्या दोषांतून आले, तो विषय वेगळा आहे. हा मात्र रचनेतलाच आहे, आणि मेमरी कर्नेलने सांभाळायची ठरवल्यावर तो राहणारच.

संपादक महोदय, एवढं सगळं लिहिण्याचं कारण फक्त आपला लेख नाही. मी दरवर्षी नव्या अभियंत्यांच्या मुलाखती घेते. राज्यभरातून मुलं-मुली येतात, कष्टाळू आणि हुशार. पान बदलण्याच्या पद्धती विचारल्या की ७, ०, १, २, ०, ३ ही पाठ्यपुस्तकातली आकड्यांची माळ घेऊन एलआरयूचा, म्हणजे सर्वांत आधी वापरलेलं पान काढण्याच्या पद्धतीचा, तक्ता चोख भरतात, किती फॉल्ट झाले, म्हणजे किती वेळा पान जागेवर नव्हतं, ते अचूक सांगतात. त्यानंतर मी विचारते, बाहेर काढलेलं पान गेलं कुठे? त्याची नोंद कुणी ठेवली? ते बाहेर जात असतानाच कुणी मागितलं तर काय उत्तर द्यायचं? आणि तिथे खोली शांत होते. गेल्या वर्षी सोलापूरकडच्या एका मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘मॅडम, त्याला थोड्या वेळाने या म्हणून सांगायचं.’’ हेच बरोबर उत्तर आहे. ड्रायव्हर अगदी तसंच करतो, पान निघालेलं असेल तर मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवतो आणि तो पुन्हा येतो. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिला कुणी हा कोड दाखवला असता तर ती कुठे पोचली असती, हा विचार मला सोडत नाही.

हा ड्रायव्हर काही हजार ओळींचाच आहे. कर्नेलच्या एक्स८६ विभागात, सीपीयूच्या फोल्डरमध्ये, एसजीएक्स नावाखाली. पानं बाहेर काढणारं मुख्य फंक्शन दीड पडद्यात मावतं. सोबत चाचण्याही आहेत, त्यातली एक तर यंत्रातली सगळी ईपीसी भरेल एवढा कप्पा मुद्दाम उभा करते. तिसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रयोगशाळेत तीन आठवडे हा कोड वाचला, तर मेमरी व्यवस्थापनाचा असा एकही कळीचा प्रश्न नाही जो त्यात भेटणार नाही: मोकळी यादी, वय, कुलपांचा क्रम, एकाच वेळी दोघांनी हात घालणं, खर्च कुणाच्या नावावर, आणि अविश्वासू माणसाकडून विश्वासाचं काम करून घेणं. अभ्यासमंडळावर असलेल्या आपल्या वाचकांनी याचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्याकडे एक लहान यंत्र आहे, पिशवीत मावेल एवढं, मालकाला किल्ली बदलता येणाऱ्या प्रोसेसरचं. पुणे, सातारा, सांगली किंवा सोलापूर भागातल्या कुठल्याही महाविद्यालयाने आपल्यामार्फत कळवलं, तर मी शनिवारी ते घेऊन येईन. त्याची राखीव जागा १२८ एमबीचीच आहे, त्यामुळे पान बाहेर जाताना आणि परत येताना पाहायला फार वाट बघावी लागत नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे